फेरी कितीला?

रविवारी सकाळी एका आबांनी माझ्या मुठीत वीसची नोट कोंबली. तेव्हापासून डोकं फिरलंय.

वडणग्याच्या बाजूला, पंचगंगेपलीकडं ओळखीच्या रानात आम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या पोरांना नेतो. तिथं एक उतारवयातली घोडी आहे आणि शेजारी सगळ्यांनी मिळून लावलेली मेथी-वांगी. आधी खरारा, मग लीद, मग सऱ्यांना पाणी, आणि वेळ उरलाच तर रपेट. कल्पना उसनी. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनमध्ये मायिशा अकबर यांनी 1988 साली पोरांना टोळ्यांपासून लांब ठेवायला घोड्यांच्या नादी लावलं. आमच्याकडं टोळ्यांपेक्षा रील्सचा त्रास जास्त.

तर एक पोरगं, कुणाशी बोलत नाही असलं, पहिल्यांदाच घोडीचा खूर साफ करत होतं. शेपटीकडं तोंड करून उभं राहायचं, हात पायावरून सावकाश खाली न्यायचा, मग ती आपण होऊन पाय उचलते. तिनं उचलला! पोरानं श्वास रोखलेला. आणि बांधावरून आवाज आला.

"ओ पावणं, फेरी कितीला?"

"आबा, फेरीचं घोडं न्हाई हे. पोरांना शिकवतोय."

"काय शिकवताय?"

"जनावराची काळजी घ्यायला. धीर धरायला."

"धीर? त्याला घोडं कशाला? दोन म्हशी द्या ताब्यात, पहाटे चारला धार काढू दे. धीर येतोय, वर दूधबी येतंय. हे दूध देतंय?"

"न्हाई."

"मग शेण?"

"लीद. दिवसाला वीसेक किलो."

आबांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच आदर दिसला. "शेणी लावता?"

"खत करतो. वांग्याला घालतो."

"मग वांगी ईकता?"

"पोरं वाटून घेतात."

"फुकट?" आबा नातवाकडं वळले. "शिकलेली माणसं हाईत बाळा, त्यास्नी काय बोलू नये." मग मला, "रंकाळ्यावर जास्त सांगत्यात, पर हे म्हातारं हाय. वीस धरा." आणि मी नोट परत करेपर्यंत नातू घोडीच्या पाठीवर! तेही उजवीकडनं. घोडीला डावीकडनं बसवून घ्यायची सवय. ती बिचकली, पाय आपटला, खूर पोराच्या हातातून सुटला. आबांनी फोटो काढला. पोरं खिदळत होती, "सर, घ्या की, घोडीच्या चंदी-चाऱ्याला होतील!"

घोडा म्हणजे वरात, नाहीतर चौपाटी. शाहू महाराजांच्या गावात ही कथा. खूर हातात धरलेलं ते पोरगं कुणाला दिसलंच नाही. पुन्हा ते घोडीजवळ गेलं नाही, दिवसभर मेथीतलं तण काढत बसलं. आबांना काय बोलणार? वय बघून गप्प बसलो. आपल्याकडं हेच चालतं, वय झालं की कुणाच्याही रानात शिरायची मुभा.

आणि आबा परवडले, असं पालक आहेत. एक विचारतात, प्रमाणपत्र मिळणार का. दुसऱ्यांना वाटतं, शेतीचे मार्क कुठंतरी धरले जावेत. काल रात्री एका आईचा मेसेज आला: "सर, लीद सोडून बाकी सगळं करू दे त्याला. आणि घोड्यावरचा एक चांगला फोटो पाठवा." त्यांचा मुलगा लीद भरायला सगळ्यांच्या आधी पळतो, घरी मात्र सांगत नाही. मीही सांगितलं नाही. फोटो पाठवला.