कट्टा: ताम्हिणी, कार्बन आणि कोंबड्या

पक्या कट्ट्यावर आला तो पोपटी जर्सी आणि खटखट वाजणारे बूट घालूनच. सायकल कार्बनची, त्यामुळे ती भिंतीला टेकवत नाही. टपरीवाल्याच्या पोराला धरायला लावतो.

"पुढच्या रविवारी ताम्हिणी!" चहा यायच्या आत त्यानं जाहीर केलं. "चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी. जाऊन-येऊन शंभरी. पुण्याच्या ग्रँड टूर सायकल शर्यतीनंतर मुळशीकडचे रस्ते बघितलेस का सुऱ्या? लोणी आहे लोणी!"

सुऱ्याचं आजोळ मुळशीच्या पाण्याकाठचं. अख्ख्या कट्ट्याला माहीत आहे, पक्याला वीस वर्षांत कळलेलं नाही.

"बघितले की," सुऱ्या म्हणाला. "माझा मामा जन्मभर हँडलला दुधाच्या किटल्या अडकवून तिथनं खड्डे चुकवत आला. त्याला कुणी लोणी लावलं नाही. पाच दिवस पाहुणे यायचे म्हटल्यावर डांबर सापडलं."

"अरे, पण पर्यटन वाढतं, गावाला रोजगार मिळतो..."

"तुम्ही चौघं मिळून दोन वडापाव खाता आणि पाणी घरनं नेता. कसला रोजगार?"

इथं नाना जागे झाले. "एकोणीसशे एकवीस साली मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी..."

"नाना, झालं का सुरू!" मंग्या ओरडला. "धरण झालं, पाणी भिऱ्याच्या वीजघराला गेलं, वीज मुंबईला. पाठ आहे आम्हाला."

"बोलू दे त्यांना," सुऱ्या म्हणाला. "पक्या ज्याला लेकव्ह्यू म्हणतो ना, त्याच्या तळाशी माझ्या पणज्याचं भातखाचर आहे."

दोन मिनिटं नुसते चहाचे भुरके. (रस्ता मात्र सुंदर आहे, हे मी कबूल करतो. सकाळी पाण्यावर धुकं असतं, पुढे जंगलात वाळलेली पानं चाकाखाली पापडासारखी मोडतात. एकदा शेकरूनं अर्धवट खाल्लेलं फळ माझ्या हेल्मेटवर टाकलं होतं.)

पक्याला शांतता सोसत नाही. "पावसाळ्यात जाऊ मग. खरी मजा तेव्हाच."

"चोवीसच्या जुलैत तिथं एका दिवसात ५५६ मिलिमीटर पडला," नाना म्हणाले. आकडे त्यांना तोंडपाठ असतात, स्वतःची उधारी सोडून.

"घाट उतरून विळ्यापर्यंत जायचं का?" मंग्यानं विचारलं.

"उतरशील रे. परत चढवणार कोण? तुझा बाप?"

"मी चढवलाय," पक्या छाती काढून म्हणाला. "स्ट्राव्हावर बघ, सायकलिंग नोंदवणारं ॲप आहे. विळे ते ताम्हिणी, त्या दिवशी पहिला नंबर!" मोबाइल सगळ्यांच्या नाकासमोर फिरवला.

सुऱ्यानं चष्मा वर करून स्क्रीन नीट वाचली. "चढावर सरासरी ताशी बेचाळीस किलोमीटर?"

"मग! फॉर्मात होतो."

"तारीख कोणती ही? पक्या, त्या दिवशी तुझी चेन तुटली होती. माझ्या मामेभावाच्या टेम्पोतनं आलास तू. मागं, कोंबड्यांच्या खुराड्यांवर बसून. पौडाला उतरलास तेव्हा डोक्यात पिसं होती."

नानांच्या नाकातनं चहा आला. टपरीच्या पोरानं हसता हसता सायकल सोडली, ती धाडकन पडली. पक्या "कार्बन! कार्बन!" म्हणत धावला, बूट फरशीवर सटकला आणि तो सायकलच्या शेजारीच आडवा झाला.

"मोबाइल बंद कर आधी," सुऱ्या म्हणाला, "नाहीतर हेपण नोंदवेल."