घट्ट की पातळ?

आमच्या गाडीला घाम येतो, हे मला मेकॅनिककडून कळलं. तोवर सोसायटीच्या सेक्रेटरींच्या हिशेबी ती गळत होती. पार्किंगमध्ये रोज सकाळी रुपयाएवढा काळा डाग दिसायचा आणि सेक्रेटरी त्याभोवती खडूने गोल काढून तारीख घालायचे. मेकॅनिक गाडीखाली सरकला, बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "लीकेज नहीं है साहब, पसीना है. पुरानी गाडी है, जाडा ऑइल डालो."

गाडी सासऱ्यांची. १९९७ची मारुती ८००, तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली. मिरजेला कायमचं जाताना त्यांनी ती पार्ल्यात आमच्या स्वाधीन केली. "जावईबापू, पोरीपेक्षा जास्त जपलीय," हे बायकोच्या देखत बोलले. त्यामुळे प्रश्न नुसता ऑइलचा राहिला नव्हता.

मेकॅनिकचं जाड म्हणजे २०डब्ल्यू-५०. ऑफिसातल्या मित्राला हे सांगितलं तर त्याने कपाळाला हात लावला. "फुल सिंथेटिक घाल, ५डब्ल्यू-३०. पातळ तेल चटकन वर चढतं." त्याची गाडी गेल्या दिवाळीतली. समोरचे काका म्हणाले, "डब्ल्यू म्हणजे वेट. वजन जितकं जास्त, तितकं तेल चांगलं." काकांकडे गाडी नाही, म्हणून मत ठाम. शेवटी मिरजेला फोन लावला.

"अहो, पिवळा डबा!"

"पण बाबा, नंबर कोणता?"

"नंबर कसला? पिवळा डबा म्हटलं की देतो तो."

मग स्वतःच वाचायला बसलो. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा शंभर अंशांपर्यंत तापल्यावरचा. २०डब्ल्यूची थंडीतली परीक्षा उणे १५ अंशांना घेतात, ५डब्ल्यूची उणे ३०ला. सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ला. आम्ही पारा विसावर आला की कपाटातून मफलर काढणारी माणसं! ज्या थंडीसाठी हा पहिला आकडा छापतात, ती मुंबईच्या वाट्याला येणंच शक्य नाही.

हे आईला वाचून दाखवलं. "म्हणजे खोबरेलासारखं," ती म्हणाली. "चोविसाच्या खाली गेलं की थिजतं. जानेवारीत बाटली गॅसपाशी ठेवावी लागते. त्याचा काय नंबर?" मी म्हटलं, त्याला डब्ल्यू मिळायचाच नाही, ते पहिल्याच परीक्षेत नापास. आईला हे आवडलं नाही. खोबरेल अलिबागहून येतं.

मला आधी वाटायचं, वीस-चाळीस म्हणजे तेल थंडीत वीसइतकं पातळ आणि तापलं की चाळीसइतकं घट्ट. तसं काही नाही. कुठलंही तेल तापलं की पातळच होतं, वरणासारखं. फक्त ४० नंबरचं त्या तापातही ३० नंबरच्या मानाने दाट राहतं. जुन्या इंजिनात झीज होऊन फटी वाढलेल्या, सीलं कडक झालेली, तिथे दाट तेल जरा धरून राहतं. पण उगाच फार दाट घातलं, तर सकाळी चावी फिरवल्यावर ते वरपर्यंत पोचेस्तोवर लोखंडावर लोखंड घासतं. म्हणजे मेकॅनिक अर्धा बरोबर, मित्रही अर्धा बरोबर. काका पूर्ण चूक.

रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी हाफ डे टाकून स्लो लोकलने चर्नी रोड गाठलं आणि ऑपेरा हाउसच्या पार्टवाल्यांच्या गल्लीत शिरलो. दुकानदाराने आधी एक डबा आपटला. "एसपी है, नया ग्रेड." एस म्हणजे पेट्रोल, सी म्हणजे डिझेल, आणि पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं तेल नवं. हे मी पाठ करून गेलो होतो. त्याने मात्र अभ्यासाबाहेरचंच विचारलं.

"गाडी रखनी है कि बेचनी है?"

"म्हणजे?"

"बेचनी है तो सबसे गाढा डालो. आवाज कम, धुआँ कम. पार्टी गाडी लेके जाए, उतना बस है."

मला डोळ्यांसमोर मिरज दिसलं. "रखनी है," मी घाईने म्हणालो.

"तो किताब देखो ना."

किताब गाडीच्या कप्प्यात, जुन्या पीयूसींच्या गठ्ठ्याखाली. बायकोला फोन करून खाली पाठवलं.

"तक्ता आहे रे. उणे तीसपासून सुरू होतोय."

"उजवीकडे सरक. अजून. चाळीसपाशी."

"इथे तीन पट्ट्या आहेत एकाखाली एक."

"मग? कुठली?"

"तिन्ही चालतात म्हणतंय. आता वर जाऊ का? कुकर लावलाय."

मी २०डब्ल्यू-४० घेतलं. मधलं घेतलं की निदान कुणी फार ओरडत नाही.

सोमवारी मेकॅनिकने जुनं ऑइल तसराळ्यात काढलं, फिल्टर बदलला, नवं ओतलं, डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मधे आलं ते मला दाखवलं. मग म्हणाला, "पानी भी कम है," आणि डिकी उघडून आतला डबा काढला. सासऱ्यांनी रेडिएटरच्या पाण्यासाठी ठेवलेला. इतकी वर्षं तो तिथे खुळखुळतोय हे मला आवाजाने ठाऊक होतं, पाहिला कधी नव्हता.

डबा पिवळा होता. घासून घासून छपाई बरीच उडालेली. उन्हात तिरका धरला तेव्हा कुठे वाचता आलं: "डब्ल्यू-४०". त्याच्या आधीचा आकडा तेवढा पुसला गेला होता.