"बेटावर पूर येत नाही" हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

सध्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, बहुतेक तुम्हालाही आला असेल. मॉरिशसला जानेवारी ते मार्चमध्ये बिनधास्त जा, पावसाला घाबरू नका, अशी सुरुवात आणि मग पाच मुद्दे. बेटावर पाणी लगेच समुद्रात जातं म्हणून पूर येत नाही. चक्रीवादळाची वॉर्निंग नसेल तर धोका नाही. पाऊस दहा मिनिटांत थांबतो. गाडी भाड्याने घ्या, गाडीत माणूस सेफ. आणि ऊन पडलं की लगेच धबधब्यावर जा, तेव्हाच तो मस्त भरलेला असतो. यातला एकही मुद्दा जसाच्या तसा खरा नाही आणि शेवटचे दोन तर सरळ जिवावर बेतणारे आहेत, म्हणून एवढं लांब लिहितेय.

आधी ते "पाणी लगेच समुद्रात जातं". जातं ना, पण मध्ये काय काय आहे ते बघा. मॉरिशसचा मधला भाग म्हणजे उंच पठार, तिथे वर्षाला 4000 मिमीच्या आसपास पाऊस होतो आणि पश्चिम किनाऱ्यावर हजारच्याही आत. म्हणजे पाणी पडतं वर, येतं खाली, आणि मधलं अंतर जेमतेम काही किलोमीटर. राजधानी पोर्ट लुईच्या मागे तर डोंगरच उभे आहेत, ले पूस 812 मीटर, पीटर बोथ 820 मीटर, आणि तिथून बंदर पाच-सात किलोमीटरवर. आपल्याकडे कोल्हापूरला पंचगंगा चढायला लागली की राजाराम बंधाऱ्याची पातळी दिवसभर टीव्हीवर दिसते, 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, लोकांना सामान वरच्या मजल्यावर न्यायला, जनावरं सोडायला वेळ मिळतो. बेटावर एवढी लांब नदीच नसते, त्यामुळे तो वेळही नसतो.

30 मार्च 2013, शनिवार. पोर्ट लुईत दोन तासांच्या आत 152 मिमी पाऊस पडला. डोंगरावरून येणारे ओढे शहरात काँक्रीटच्या कालव्यांतून जातात, ते भरून रस्त्यावर आले. शहर आणि कोदां वॉटरफ्रंट (बंदरालगतचा दुकानं-हॉटेलांचा भाग) यांच्यामध्ये हायवे आहे, तो ओलांडायला खालून पादचाऱ्यांचा भुयारी रस्ता, आणि पाणी नेहमी सगळ्यात खालची जागा शोधतं. त्या दिवशी 11 जण गेले, त्यातले बरेच त्या भुयारी मार्गात आणि जवळच्या इमारतीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये. समुद्र तिथून दगड मारला तर पोचेल एवढा जवळ होता, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदा नकाशावर बघावं.

म्हणून पाऊस जोरात लागला की गाडी काढायला बेसमेंटमध्ये उतरायचं नाही, गाडी कितीही महाग असो. रॅम्पवरून पाणी आत येत असतं, लाइट जाते, लिफ्ट बंद. आणि दार उघडेल असं समजू नका, एक मीटर रुंद दाराला बाहेरून दोन फूट पाणी टेकलं की साधारण 180 किलोचा जोर लागतो, तो एकट्या माणसाने ढकलायचा नसतो.

आता वॉर्निंगचं. मॉरिशसमध्ये चक्रीवादळाच्या वॉर्निंगचे क्लास 1 ते 4 असतात आणि ते वाऱ्यावर ठरतात, ताशी 120 किमीचे झोत किती तासांत येणार यावर. पाण्याचं गणित त्यात नाहीच. 2013 ला तो क्लास लागलेलाच नव्हता कारण चक्रीवादळच नव्हतं. उलट 15 जानेवारी 2024 ला बेलाल चक्रीवादळ शेजारच्या रियुनियनवर धडकलं, मॉरिशसच्या डोक्यावरून गेलंच नाही, तरी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या, ते व्हिडिओ तेव्हा आपल्याकडेही फिरले. पावसासाठी वेगळी टॉरेन्शियल रेन (म्हणजे मुसळधार पाऊस) वॉर्निंग असते, पण ती 12 तासांत 100 मिमी पडून गेलाय आणि अजून पडणार आहे अशा वेळी लागते. म्हणजे वॉर्निंग येते तेव्हा जमीन आधीच भरलेली असते. ती लागली की तिथे शाळा बंद ठेवतात, मग आपण मुलांना घेऊन साइटसीइंगला निघायचं का? सकाळी नाश्त्याला जाताना रिसेप्शनवर फक्त एवढं विचारा, आज रेन वॉर्निंग आहे का.

पाऊस दहा मिनिटांत थांबतो हे किनाऱ्यावर बऱ्याचदा खरं असतं, पण तुमच्या डोक्यावरचा थांबला म्हणजे वरचा थांबला असं नाही. मुंबईकरांना तरी हे सांगायला नको. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी आणि त्याच दिवशी कुलाब्याला 74 च्या आसपास, आणि दोन्ही एकाच शहरात! तसंच बीचवर ऊन आणि वर पठारावर धो धो, हे बेटावर रोजचं आहे. त्यामुळे धबधब्याखाली किंवा ओढ्याच्या पात्रात बसलेल्याला पाऊस दिसतच नाही, थेट पाणी दिसतं.

तरी काही खुणा असतात. नितळ पाणी एकदम चहासारखं होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत यायला लागतात, वरून घरघर ऐकू येते, मगाशी कोरडा होता तो दगड ओला झालेला असतो. यातली एक जरी दिसली तरी बॅग, चप्पल, ट्रायपॉड सगळं तिथेच टाकून बाजूच्या उंचावर चढायचं. पात्रातून खाली पळायचं नाही, पाणी तुमच्यापेक्षा जोरात येतं. आणि गाडी पलीकडच्या काठावर राहिली असेल तर राहू दे, अलीकडेच थांबा. ओढा जसा पटकन चढतो तसा बऱ्याचदा काही तासांत उतरतोही, लोक जातात ते मधल्या घाईत.

जे जोडून रियुनियनला जातात त्यांनी तर जास्तच जपावं. 24 तासांत सर्वाधिक पावसाचा जागतिक विक्रम त्याच बेटाच्या नावावर आहे, जानेवारी 1966 मध्ये 1825 मिमी. तिथे बरेच रस्ते ओढ्याच्या पात्रातूनच जातात, आपल्या गावाकडच्या फरशी पुलासारखे, आणि पाऊस झाला की बॅरिकेड लावतात. बॅरिकेडच्या बाजूने गाडी काढणारा कोणीतरी दिसतोच, त्याच्या मागे जाऊ नका.

आता गाडी. हा मुद्दा वाचून मला खरंच राग आला. हॅचबॅकचं वजन साधारण 900 ते 1000 किलो, तळाचा भाग सहा-सात चौरस मीटर. तळाच्या वर 15 सेंटीमीटर पाणी चढलं की ते हजार किलोच्या आसपास उचलून धरतं, म्हणजे रस्त्यावर फूटभर पाणी झालं की टायरची पकड सुटायला लागते. वाहतं पाणी असेल तर मग स्टीअरिंग, ब्रेक, कशाचा उपयोग नाही. दोन फुटांत एसयूव्हीसुद्धा जाते. पायी असाल तर घोट्याच्या थोडं वर, अर्धा फूट वाहतं पाणी मोठ्या माणसाला पाडतं. 2005 ला मुंबईत कितीतरी जण काचा बंद असलेल्या गाडीतच गेले, बाहेर पडता आलं नाही म्हणून, आणि आपल्याच लोकांनी आता "गाडीत सेफ" लिहावं?

पाणी रस्त्यावर दिसलं की गाडी वळवा, खोली बघायला पुढे जाऊ नका, खाली रस्ता उरलाय की नाही हेही कळत नाही. अडकलातच तर बेल्ट काढा, इलेक्ट्रिक चालू आहे तोवर काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा आणि छतावर चढा. दाराशी झटापट करण्यात वेळ घालवू नका.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. पूर ओसरल्यावर मुलं त्या पाण्यात खेळायला जातात. तिथेही लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-जनावरांच्या लघवीमुळे घाण झालेल्या पाण्यातून होणारा आजार) होतो, आपल्यासारखाच, पायाला साधी जखम असली तरी पुरतं. परत आल्यावर दोन-चार आठवड्यांत ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखणं असं काही झालं तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. आणि मॉरिशसचे नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा: पोलीस 999, अँब्युलन्स 114, फायर ब्रिगेड 115.