पालकांनी गेटबाहेर थांबायचं

"ओ मावशी, पालक बाहेर. आत फक्त विद्यार्थी."

आज सकाळी साडेआठला एका कॉलेजच्या गेटवर वॉचमननं मला हे ऐकवलं. हातात हॉल तिकीट होतं आणि त्यावर माझाच फोटो. शेजारून पोरंपोरी भराभरा आत चालली होती, त्यांतल्या एकालाही कुणी हटकलं नाही. मी हॉल तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं तर म्हणतो कसा, "पोरीचं हाय व्हय? ती कुठाय मग?"

पोरगी पुण्यात नोकरी करते बाबा. परीक्षा माझी आहे. माझी!

दुपारपासून ठरवतेय की लिहायचं नाही, कुणाकुणाला उत्तरं देत बसायचं? पण डोकं शांत होईना, म्हणून बसलेच.

तर मी चोपन्न वर्षांची. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघते. टॅली, जीएसटी, पगारपत्रक. गेले तीन महिने एनपीटीईएल नावाच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर पायथॉन शिकले, म्हणजे प्रोग्राम लिहायची एक भाषा. आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात, घरबसल्या, फुकट. बारा आठवड्यांचा कोर्स. दर आठवड्याला असाइनमेंट, तीही ठरल्या तारखेच्या आत. सर्टिफिकेट पाहिजे असेल तरच हजार रुपये भरून सेंटरवर जाऊन परीक्षा द्यायची. असाइनमेंटचे पंचवीस, परीक्षेचे पंचाहत्तर. आज ते पंचाहत्तरचं ओझं उतरवून आले.

एवढं सांगितलं की समोरून एकच प्रश्न येतो. "कशाला?"

वीस वर्षांच्या पोराला कुणी कशाला म्हणून विचारत नाही. त्याला स्वतःला माहीत नसतं, तरी विचारत नाहीत. आमच्या धाकट्या दीरांनी घरच्या ग्रुपवर लिहिलं, "वहिनी, आता काय अमेरिकेला जाणार का?" आणि पुढं हसून हसून रडणारे चार चेहरे. हेच भावोजी रात्री जेवल्यापासून बारापर्यंत फोनवर रील सरकवत असतात. त्यांना कुणी कशाला म्हणून विचारलंय का आजवर?

कशाला, ते सांगते.

आमचे अण्णा चादरीच्या कारखान्यात जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे, पुठ्ठे पाडायचे. नव्या पोरांना माहीत नसेल. चादरीवरचा मोर आधी ग्राफ पेपरवर काढायचे, चौकोन भरून भरून. मग आडव्या धाग्याच्या एकेका फेरीला एक लांबुळका पुठ्ठा. भोक असेल तिथं ताण्याचा उभा धागा वर उचलला जाणार, नसेल तिथं खाली राहणार. शेकडो पुठ्ठे दोऱ्यात ओवून त्यांची माळ मागावर चढवायची. ओवायला मी आणि माझी बहीण. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि पुठ्ठे पुढ्यात घ्यायचे. बोटाला दोऱ्याचे काचे पडायचे.

एकदा एक भोक चुकलं. एकच. पण तोच पुठ्ठा दर मोराला फिरून येणार, म्हणजे झाडून सगळ्या मोरांच्या मानेवर एक पांढरा ठिपका. मालकांनी चादर अण्णांच्या अंगावर भिरकावली. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. रात्री कंदिलाशी बसून ग्राफ आणि पुठ्ठे ताडून बघत गेले, चुकलेला पुठ्ठा काढला आणि त्या भोकावर डिंकानं कागदाचं ठिगळ चिकटवलं. सकाळी मोर स्वच्छ.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं कॉम्प्युटरवर चालणारं जेकार्ड आलं. पुठ्ठे गेले. डिझाइन थेट फाइलमधून मागावर. शेठचा मुलगा मला स्क्रीनवर दाखवत होता, "काकू, ही बग काढायला पॅच मारला." बग म्हणजे प्रोग्राममधली चूक. मी विचारलं, पॅच म्हणजे? तो म्हणाला, ठिगळ हो. पूर्वी कॉम्प्युटरलाही कागदाच्या भोकांतूनच सगळं सांगायचे, चूक झाली की वरून कागद चिकटवायचे, त्यावरूनच आलंय म्हणे.

मला तिथल्या तिथं रडू फुटलं. तो बिचारा घाबरला.

घरी येऊन शोधायला लागले. फ्रान्समधल्या जाकारनं हे जेकार्ड १८०४ च्या सुमारास उभं केलं. ते बघून इंग्लंडच्या बॅबेजनं आपल्या गणित करणाऱ्या यंत्राला पुठ्ठेच लावायचं ठरवलं. आणि ॲडा लव्हलेस नावाच्या बाईनं १८४३ मध्ये लिहून ठेवलंय की माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. म्हणजे आमच्या पूर्व भागातल्या खोलीत फरशीवर बसून मी जे ओवत होते, त्याचं या कॉम्प्युटरशी रक्ताचं नातं निघालं. आणि मी पंधरा वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून नुसतं व्हाउचर भरत होते!

म्हणून शिकले. पटलं तर पटलं.

आता "कसं शिकलीस" म्हणून इनबॉक्समध्ये विचारणाऱ्या मैत्रिणींसाठी. हे प्रेमानं लिहितेय, राग तुमच्यावर नाही.

मी सुरुवात एनपीटीईएलपासून केली नाही. आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल आहे. दहा दहा मिनिटांचे व्हिडिओ, बरेचसे मराठी आवाजात, फुकट. अर्ध्या स्क्रीनवर तो, अर्ध्या स्क्रीनवर आपलं काम. तो एक ओळ लिहितो, थांबवायचं, आपण लिहायची. नुसतं बघत बसलं की सगळं कळल्यासारखं वाटतं आणि उठल्यावर हातात शून्य. अण्णांचं एक वाक्य होतं, "बघून येत नसतंय, भोक पाडून येतंय." मी जुन्या डायरीच्या मागच्या कोऱ्या पानांवर आधी पेनानं प्रोग्राम लिहायचे, व्हिडिओ बंद करून. पहिले पंधरा दिवस निम्म्या ओळी चुकायच्या. चुकू देत.

इंग्रजी आडवं येतं, हे मान्य. आमचं शिक्षण मराठी शाळेत झालं आणि बी.कॉम. केलं ते नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून, अडतिसाव्या वर्षी, रविवारची संपर्क सत्रं गाठत. (तेव्हाही "कशाला" होतंच. आज त्याच डिग्रीवर घर चाललंय, हे जाता जाता.) पण व्हिडिओचा वेग पाऊणपट करता येतो, खाली अक्षरं लावता येतात. एखादी संकल्पना अडली की मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. गणित गंजलं असेल तर बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. मी सातवीचं काढलं परत, लाज कसली त्यात? एरर आली की ती तशीच्या तशी एआयला चिकटवायची आणि लिहायचं, मराठीत समजाव. दोनदा त्यानं मला ठाम आवाजात चूक उत्तर दिलंय, तेव्हा स्वतः चालवून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

सगळ्यांना हे जमणार नाही, तेही कबूल. आमच्या शेजारच्या वहिनी बिड्या वळतात. फुकट कोर्स आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "फुकट तुमच्या आयआयटीला, माझा तास कुठं फुकट हाय?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही. त्या कानात इयरफोन घालून वळता वळता काहीबाही ऐकतात. परवा मला मधुमेहात इन्सुलिनचं काय बिघडतं ते समजावत होत्या, आणि अगदी बरोबर. त्यांना सर्टिफिकेट कोण देणार?

नाही, पण राग परत येतोय. कारण अडचण पैशाची, नेटची, इंग्रजीची असते तेव्हा काहीतरी वाट निघते. घरातलं माणूस हसलं की वाट निघत नाही. मी रात्री नऊ ते साडेदहा बसायचे. त्या दीड तासात आमच्या ह्यांना बरोबर चष्मा सापडायचा नाही. पहिल्या महिन्यात मी उठून शोधून द्यायचे. दुसऱ्या महिन्यात म्हटलं, तुमच्या कपाळावर आहे. न बघता. खरंच कपाळावर होता.

आणि शिकायला लहान व्हावं लागतं, ते मोठ्यांना नको असतं. अण्णांची पुन्हा आठवण येते. ते पन्नाशीत असताना कारखान्यात पुठ्ठे पाडायचं नवं मशिन आलं आणि ते शिकवायला एकोणीस वर्षांचं पोरगं. बाकीचे जुने कारागीर दारात उभे राहून टिंगल करायचे. अण्णा त्या पोराशेजारी स्टूल ओढून बसले. त्याला "सर" म्हणायचे. आईला ते फार लागलं होतं. अण्णा म्हणाले, मशिन त्याला येतंय, मला येत नाही, मग सर कोण?

शेठच्या मुलाला मी सर म्हणत नाही, तो लाजतो. पण विचारते त्यालाच. रेंज म्हणून ओळीनं आकडे देणारी आज्ञा आहे, तिच्यात एक ते दहा लिहिलं तर पायथॉन नवालाच का थांबतो, यावर मी त्याच्याशी दोन दिवस भांडले. आज परीक्षेत नेमकं तेच आलं.

बाकी पेपर बरा गेला. शेवटचे तीन प्रश्न अंदाजपंचे. माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवरचं पोरगं तासाभरात उठून गेलं. मी तीन तास पूर्ण बसले, हजार रुपये भरलेत.

आता एक सांगायचं राहिलंय, आणि ते माझ्या बाजूचं नाही.

बाहेर पडले तर तोच वॉचमन. खुर्ची सोडून जवळ आला, अगदी हळू आवाजात विचारलं, "म्याडम, ते सतरा नंबरचा फॉर्म कधी निघतंय? दहावी राहिलीय माझी." मी सकाळच्या तिरीमिरीत म्हटलं, "मला काय माहीत, शाळेत विचारा," आणि रिक्षात बसले.

मला माहीत होतं. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. आमच्या कारखान्यातल्या दोघांचा मीच भरून दिलाय. तो बोर्डाच्या साइटवर ऑनलाइनच भरायचा असतो, पाच मिनिटांचं काम. माणूस पंचेचाळीसचा तरी असेल. म्हणजे सकाळी गेटवर एकाच वयाचे दोघं उभे होतो म्हणायचं, जवळजवळ. मीही त्याला बाहेरच थांबवून आले.

उद्या ऑफिसला जाताना वाट वाकडी करून जाणार आहे. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार काढून ठेवा, एवढं तरी सांगते. भेटला तर.

कमेंटमध्ये "कशाला" लिहिणाऱ्यांनी आधी स्वतःचा स्क्रीन टाइम टाकावा. चला, चार दिवसांनी नळ गुरगुरायला लागलाय. पाणी भरायला उठते.