सचिवांनी हातभार लावला

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर कार्यकारिणीच्या ताज्या सभेचे इतिवृत्त लागले आहे आणि त्यातला एक मुद्दा असा आहे : "जनरेटर बंद पडल्याने झालेली गैरसोय तिसऱ्या मजल्यावरील ज्येष्ठ सभासदांच्या बहुमोल तांत्रिक मार्गदर्शनाखाली दूर करण्यात आली. सचिवांनी हातभार लावला." तो सचिव मी. इतिवृत्त लिहिणे हे वास्तविक माझेच काम, परंतु त्या सभेला मी हजर नव्हतो म्हणून लेखणी खजिनदारांच्या हाती गेली. ज्या हाताचा भार लागला त्या हाताला कितीही साबण लावला तरी अजून डिझेलचा वास येतो, आणि घरात मला सध्या वर्तमानपत्रसुद्धा सर्वांचे वाचून झाल्यावर मिळते.

प्रसंग थोडक्यात असा. गुरुवार होता. गुरुवारी पुण्यात देखभालीसाठी वीज जाते आणि दुरुस्तीसाठी पाणीही जाते, हे कोथरूडमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वीज गेली, जनरेटर सुरू झाला, लिफ्टचा लोड येताच त्याचा आवाज बसला आणि दोन आचके देऊन तो थांबला. वार्षिक देखभालीचा करार ज्यांच्याशी आहे त्यांनी "माणूस हिंजवडीत अडकला आहे" असे सांगितले. त्यांचा माणूस कायम हिंजवडीतच अडकलेला असतो. तो मोकळा होऊन आला असता तरी उपयोग नव्हता, कारण करारात फिल्टर, ऑईल, पट्टा, बॅटरी आणि रबरी नळ्या वगळलेल्या आहेत. म्हणजे इंजिनात जे जे बिघडू शकते ते सोडून उरलेल्या सगळ्याची ते मंडळी मनोभावे काळजी घेतात.

लोड आला की इंजिन गुदमरते, याचा पहिला संशय डिझेल फिल्टरवर घ्यावा. आमच्या इंजिनाला ते दोन आहेत. पहिला पाणी आणि ढोबळ कचरा अडवतो, दुसरा केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकी बारीक धूळ गाळतो, कारण पुढच्या पंपात धातूच्या दोन भागांमधली फट काही मायक्रॉनचीच असते. पहिल्या फिल्टरच्या तळाची चावी सोडली तेव्हा बाटलीत आधी पाणी आले, मग काळसर शेवाळासारखा चिकट लगदा आला आणि पुष्कळ वेळाने डिझेल आले. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर ठेवली की आतल्या दमट हवेचे पाणी होऊन तळाशी साठते आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जीवजंतू सुखाने संसार थाटतात. टाकी अर्धी का असते, तर पूर्ण भरल्यास पैसे अडकून पडतात असा खजिनदारांचा सिद्धान्त आहे.

मी बाही सरसावून पट्ट्याचा पाना लावला आणि त्याच क्षणी मागून आवाज आला, "फिल्टर भरून लावा."

तिसऱ्या मजल्यावरचे काका उभे होते. लिफ्ट बंद असल्यामुळे त्यांना वर जाता येत नव्हते, आणि ज्याला वर जाता येत नाही तो पुणेकर खाली सल्ला देतो. त्यात हे शहर इंजिनांचे. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स येथे 1946 साली स्थापन झाली, 1962 साली कमिन्सची भारतीय कंपनी निघाली, आणि त्यामुळे कोथरूडच्या दर इमारतीत इंजिन कंपनीतून निवृत्त झालेला किमान एक गृहस्थ असतोच. आमचे काकाही अशाच एका कंपनीतले.

मी नम्रपणे म्हणालो, "काका, हा बारीक फिल्टर आहे. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळताच थेट पंपात जातं. म्हणून हा कोराच लावायचा आणि प्रायमरने, म्हणजे इंजिनावरच्या हातपंपाने, भरायचा."

"आमच्याकडे भरूनच लावायचे."

"आपण कुठल्या विभागात होतात?"

"टाइम ऑफिसला, कामगारांच्या हजेऱ्या मांडायला. निवृत्तीपर्यंत."

"तिथे फिल्टरचा संबंध कुठे यायचा?"

"खिडकीतून असेंब्ली दिसायची." मग त्यांच्यातला प्रामाणिक माणूस जागा झाला. "म्हणजे निम्मी दिसायची. बाकीची निम्मी कँटीनच्या पत्र्याआड होती."

"मग फिल्टर भरताना दिसायचे?"

"भरायला नेताना दिसायचे," काका म्हणाले, आणि एवढ्या पुराव्यानंतरही मी ऐकत नाही हे पाहून त्यांनी खिशातून लहानशी वही काढून तीत काहीतरी लिहिले.

त्या वहीकडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवे होते असे आता लोक म्हणतात, परंतु माझे दोन्ही हात कोपरापर्यंत डिझेलमध्ये होते आणि जनरेटरच्या खोलीत काळोख होता. काकांनी टॉर्च धरण्याची तयारी दाखवली. हा टॉर्च त्यांच्या नजरेबरोबर फिरत असे. ते माझ्याशी बोलू लागले की प्रकाश माझ्या डोळ्यांत येई, पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातून "पाणी कधी येणार हो?" असे विचारले की तो जिन्यात जाई, आणि ज्या स्क्रूवर तो हवा होता त्या स्क्रूवर तो केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना वाटेत थांबे. तो स्क्रू मी प्रकाश येण्याची वाट पाहत, हप्त्याहप्त्याने सैल केला.

जोडाच्या बोल्टखालचे तांब्याचे वायसर दबून कडक झाले होते. तांबे लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ होते, पण वायसरला चरे पडले असतील तर त्याचाही उपयोग नसतो आणि तेथूनच हवा आत शिरते. म्हणून मी रिक्षा करून नाना पेठ गाठली. तेथील दुकानदाराने वर न पाहता "सॅम्पल आणलंय का?" असे विचारले. मी सॅम्पल नेले होते. माझ्या आयुष्यात त्या दिवशी झालेला तेवढाच एक संवाद व्यावसायिक म्हणावा असा होता.

परत येऊन मी खरे काम सुरू केले, म्हणजे एअर काढण्याचे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापवायची की फवारलेले इंधन आपोआप पेटावे, ही रुडॉल्फ डिझेल यांची कल्पना. मात्र हवा सिलिंडरमध्ये हवी, नळीत नको. नळीतले डिझेल दाबले की दाब पुढे जातो आणि साधारण 200 बारला इंधन फवारणारे नोझल उघडते. नळीत बुडबुडा असला तर तो स्वतःच दबून बसतो, दाब पुढे पोहोचत नाही आणि आपण सेल्फ मारत राहतो. डिझेलसाहेबांनी 1893 साली पेटंट मिळवले, 1897 साली आउग्सबुर्ग येथे त्यांचे इंजिन यशस्वीपणे चालले आणि 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' बोटीवरून ते नाहीसे झाले. त्यांनी उडी मारली की त्यांना कोणी ढकलले, याविषयी शंभर वर्षे तर्क चालू आहेत. डेकवर त्यांच्या शेजारी टाइम ऑफिसमधले कोणी उभे होते का, हे मात्र कोणी तपासलेले दिसत नाही.

फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून मी प्रायमरचे बटण दाबू लागलो. आधी नुसती फुसफुस, मग फेस, मग डिझेलमधून तुरळक बुडबुडे, आणि बोटाला वळ उठल्यावर कुठे अखंड धार. ती धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा असतो. हात थांबवून मग आवळला तर हवा पुन्हा आत येते.

"मारा सेल्फ," काका म्हणाले.

"अजून पंपाच्या स्क्रूतली एअर काढायची आहे."

"मारून तर बघा."

"बॅटरी उतरेल, काका."

काकांनी घड्याळ पाहिले आणि वहीत लिहिले. मी पंपाचा स्क्रू सैल केला, पुन्हा फेस, पुन्हा धार, आणि या सगळ्या वेळात दर मिनिटाला न चुकता "मारा सेल्फ" ऐकू येत राहिले. अखेर सर्व काही आवळून, सांडलेले डिझेल पुसून मी किल्लीला हात लावला, तोच काका शेवटचे "मारा सेल्फ" म्हणाले. मी सेल्फ मारला. इंजिनाने पांढरा धूर सोडला, क्षणभर घुटमळले आणि मग मिनिटाला 1500 फेऱ्यांवर जाऊन असे काही स्थिरावले की वरच्या मजल्यांवरून टाळ्या आल्या.

"मी कधीचा सांगत होतो," काका जिन्यातल्या मंडळींकडे टॉर्च वळवून म्हणाले.

त्या वहीची नक्कल मला नंतर वाचायला मिळाली, कारण खजिनदारांनी इतिवृत्त तीवरूनच बेतले होते. अक्षर मोत्यासारखे आहे. "11.18 फिल्टर उघडला. 11.25 फिल्टर भरण्याची सूचना दिली, पाळली नाही. 12.10 ते 1.40 सचिव जागेवर नाहीत, कारण नमूद नाही. 2.05 पासून सेल्फ मारण्याच्या वारंवार सूचना. 2.31 सूचनेनुसार सेल्फ मारला. इंजिन चालू." यातील एकही नोंद खोटी नाही, आणि तोच माझा संताप आहे. खोटी असती तर मी सभेत उभा राहून आक्षेप घेतला असता. खऱ्या नोंदींना आक्षेप कसा घ्यायचा हे उपविधींत कुठेही दिलेले नाही.

आता व्हाउचरचा प्रश्न आहे. दोन फिल्टर, वायसर आणि रिक्षा यांचे पैसे मी खिशातून घातले. फिल्टरचे पक्के बिल असल्यामुळे ते मंजूर झाले. वायसरचे बिल नाही, कारण नाना पेठेत मूठभर वायसरसाठी पक्के बिल मागणाऱ्या माणसाकडे दुकानदार ज्या नजरेने पाहतो ती सहन करण्याइतका मी कणखर नाही. ते पैसे मी सोडून दिले. टाकी पूर्ण भरून ठेवावी असा अर्जही मी दिला आहे. तो "पावसाळा संपल्यावर विचारार्थ" ठेवण्यात आला आहे. राहिले रिक्षाभाडे. खजिनदारांनी व्हाउचर उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "तुम्ही रिक्षाने नाना पेठेतच गेला होतात, याला आधार काय?"

मी म्हणालो, "काकांच्या वहीत वेळ आहे ना."

"वेळ आहे," खजिनदार म्हणाले, "पण कारण नमूद नाही."