नव्या घरात गॅसची लाइन नकोच

बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) आपल्या मराठी ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद झाला. "माझ्या किचनमध्ये गॅस हवा की नको, हे शहर कोण ठरवणार?" विषय दोन ओळींत संपणारा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. माझं मत स्पष्ट आहे. नवीन घर बांधताना गॅसची लाइन घालू देऊ नये, आणि तसा नियम करायचा अधिकार शहरांना असलाच पाहिजे.

आधी काय घडलं ते सांगते. जुलै २०१९ मध्ये बर्कलीच्या सिटी कौन्सिलने एकमताने नियम केला की २०२० पासून नव्या इमारतींमध्ये नैसर्गिक गॅसची पाइपलाइन टाकायची नाही. असा नियम करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. जुन्या घरांना हातही लावला नव्हता. मग सॅन होजे, सॅन फ्रान्सिस्को अशी बरीच शहरं त्याच वाटेने गेली. त्याविरुद्ध कॅलिफोर्नियातल्या रेस्टॉरंटवाल्यांची संघटना कोर्टात गेली. खालच्या कोर्टात ती हरली, पण एप्रिल २०२३ मध्ये नाइन्थ सर्किट कोर्टाने, म्हणजे इथल्या केंद्रीय अपील कोर्टाने, निकाल फिरवला. आधार होता १९७५ चा, तेलटंचाईच्या काळातला कायदा. उपकरणांच्या ऊर्जावापराचे नियम केंद्र सरकार करणार, शहरांनी त्यात पडायचं नाही, असं तो सांगतो. बर्कलीने शेगडीवर नाही, पाइपवर बंदी घातली होती. कोर्टाचं म्हणणं, पाइप नसेल तर शेगडी पेटणार नाही, म्हणजे परिणाम एकच. जानेवारी २०२४ मध्ये फेरसुनावणी नाकारली गेली आणि बर्कलीला माघार घ्यावी लागली. न्यूयॉर्क शहराचा २०२१ चा नियम याच हेतूचा होता. तिथल्या फेडरल कोर्टाने मात्र २०२५ मध्ये तो वैध ठरवला. मला तोच निकाल योग्य वाटतो.

आता "निवडीचं स्वातंत्र्य" या मुद्द्याकडे येते, कारण खरा वाद तिथेच आहे. आपल्यापैकी किती जणांनी नवीन टाउनहाउस घेताना गॅस निवडला? कुणी विचारलंच नाही. बिल्डरने प्लॅन केला, खणून लाइन टाकली आणि आपण चावी घेतली. ती लाइन पुढची चाळीस-पन्नास वर्षं तिथे राहणार. तिची देखभाल, गळती, दुरुस्ती हा सगळा खर्च गॅसच्या बिलात येतो आणि तो सगळे ग्राहक मिळून भरतात. इतकंच नाही, जुलै २०२३ पर्यंत कॅलिफोर्नियात नव्या बांधकामापर्यंत गॅस नेण्यासाठी सवलत मिळायची आणि तिचा भार इतर गॅस ग्राहकांवर पडायचा. म्हणजे भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणारं कुटुंब दुसऱ्याच्या नव्या घराच्या पाइपसाठी पैसे मोजत होतं. याला निवड म्हणायचं का?

आणि ते पाइप जुने होतात. ९ सप्टेंबर २०१० ला सॅन ब्रुनोमध्ये १९५६ साली टाकलेली मोठी गॅसवाहिनी फुटली. आठ माणसं गेली, ३८ घरं जळून गेली. ती मुख्य वाहिनी होती, घरातली लाइन नव्हे, हे मान्य. पण नवी घरं गॅसवर बांधत राहिलो तर हे सगळं जाळं आणखी कित्येक वर्षं जपत बसावं लागेल.

घरातल्या हवेचं तर आपण बोलतच नाही. गॅस जळताना नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि दम्याच्या मुलांना त्याचा त्रास होतो. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या घरांमध्ये मोजमाप केलं, तर शेगड्यांमधून निघणाऱ्या मिथेनपैकी (हा नैसर्गिक गॅसचा मुख्य घटक) तीन चतुर्थांशाहून जास्त मिथेन शेगडी बंद असताना झिरपत होता.

फुलक्याचं काय, हा प्रश्न येणारच. लोखंडी आणि बिडाचा तवा इंडक्शनवर उत्तम तापतो. तव्यावरच फडक्याने कडा दाबत फिरवला की फुलका फुगतो, भाकरीही फुगते. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आणि पितळी कढई साध्या इंडक्शनवर चालत नाही, ती अडचण खरी आहे. भरताचं वांगं ओव्हनच्या ब्रॉइलरखाली (वरून मिळणाऱ्या आचेत) भाजलं जातं, पण धुराची चव येत नाही. त्यासाठी मी अंगणात कोळशाची ग्रिल लावते. रेस्टॉरंटची गोष्ट वेगळी. न्यूयॉर्कने व्यावसायिक स्वयंपाकघरांना सूट दिली, ती मला रास्त वाटते.

सगळ्यात वजनदार आक्षेप विजेच्या दराचा. इथे युनिटला ४० सेंटच्या आसपास मोजावे लागतात आणि तो राग मलाही आहे. पण घरातला बहुतेक गॅस स्वयंपाकाला जात नाही, पाणी आणि खोल्या तापवायला जातो. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेवरचं यंत्र, एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता घरात आणतो. शिवाय उन्हाळ्यात तोच घर थंड करतो. ६ सप्टेंबर २०२२ ला सॅन होजेत पारा ४३ अंशांच्या जवळ गेला होता आणि इथल्या कितीतरी जुन्या घरांत एसी नाही. वीज गेली तर घर तापवणारी गॅसची भट्टीही बंदच पडते, तिचा पंखा विजेवरच चालतो.

पुण्या-मुंबईत हाच नियम आज लावा, असं मी म्हणणार नाही. तिथे अजून बरीच वीज कोळशावर होते, आणि पाइपचा गॅस सिलिंडरच्या जागी येतोय.

कॅलिफोर्नियाने २०२५ च्या एका कायद्याने शहरांना घरांसाठी नवे कडक बांधकाम नियम करायला २०३१ पर्यंत जवळपास मज्जाव केलाय. म्हणून नवीन घर बुक करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. काँक्रीट पडायच्या आधी बिल्डरकडे ऑल-इलेक्ट्रिकचा, म्हणजे सगळं विजेवर चालणाऱ्या घराचा, पर्याय मागा. शेगडी, पाण्याचा हीटर आणि गाडीचं चार्जिंग यांसाठी २४० व्होल्टच्या वेगळ्या लाइन आणि पुरेसं मोठं विजेचं पॅनेल लेखी घ्या. भिंती झाल्यावर हेच काम कितीतरी महाग पडतं.