रविवारी निवांत वाचत बसायचंय? बसा की!

परवाच्या रविवारी मला अवदसा आठवली. फोन मुद्दाम घरी ठेवला, पिशवीत एक कादंबरी टाकली आणि ठरवलं की आज दिवसभर पुण्यात नुसतं वाचत फिरायचं, आधी वाचनालय मग कॅफे, घाई नाही काही नाही. तुम्हालाही अशी हुक्की येत असेल तर अनुभवाचे बोल ऐका, फुकट आहेत.

पहिलं म्हणजे वाचनालयात जाताना स्वतःचं पुस्तक नेऊ नका. संशय येतो. दारातच पिशवी ठेवायची, पुस्तक काढायचं, ते आमचंच आहे हे वहीत लिहून सही करायची. मग काउंटरवरच्या बाई विचारणार, एमपीएससी का यूपीएससी? मी म्हटलं, नाही हो, कादंबरी वाचायचीये. बाईंनी चष्मा खाली केला. "मग घरी का नाही वाचत?"

यावर उत्तर तयार ठेवा. माझ्याकडे नव्हतं.

(अभ्यासिकेतल्या पोरांबद्दल मला काही म्हणायचं नाही. दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहतात बिचारी, टेबल त्यांनाच मिळालं पाहिजे. पण म्हाताऱ्याकोताऱ्यांना, माझ्यासारख्या रिकामटेकड्यांना एखादं बाकडं?)

पेपर वाचायचा असेल तर पुरवणी आजोबांच्या बुडाखाली असते, मागू नका.

पुस्तक मागताना मन मोठं ठेवा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयाची पाच सूत्रं सांगितली, त्यातलं चौथं म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. आमच्याकडे हे काटेकोर पाळतात, दोन सेकंदांत "बाइंडिंगला गेलंय" सांगून मोकळे. मला हव्या त्या कादंबरीचा पहिला भाग मिळाला, दुसरा "बाहेर आहे". कधीपासून? "दिवाळीपासून."

रहस्यकथा घेत असाल तर खुनी कोण ते बाराव्या पानावर पेन्सिलने लिहिलेलं असतं, शोधत बसू नका.

आता कॅफे. कॅफेत जाताना फोन न्याच, कारण मेन्यू फोनवरच असतो, टेबलावर नुसता तो काळा-पांढरा चौकोन. मी वेटरला म्हटलं बाबा रे तोंडी सांग, तर त्याने स्वतःचा फोन दिला आणि कॉफी आली 260 रुपयांची, वर पानाची नक्षी. भिंतीवर छान रॅक होतं, पुस्तकं रंगाप्रमाणे लावलेली, निळ्याशेजारी निळं. एक काढायला गेलो तर अख्खी ओळ हलली. चिकटवलेली! "सर ते डेकोरेशन आहे." बरं. बसलो आपलं पुस्तक उघडून, दोन पानं झाली असतील नसतील, शेजारच्या टेबलावर एक साहेब फोन स्पीकरवर टाकून सुरू. मीटिंग. रविवारी. पलीकडचा माणूस म्हणतोय आवाज येत नाहीये आणि हे म्हणतायत आता येतोय का, आता येतोय का, अरे येतोय, अख्ख्या कॅफेला येतोय, कोपऱ्यातल्या तान्ह्या बाळाला येतोय, तुमच्या कुठल्या क्लायंटने पेमेंट थकवलंय ते मला आता माझ्या पुतण्याच्या मार्कांपेक्षा जास्त पाठ आहे. त्यांचं संपलं तर मागच्या टेबलावर रील सुरू. एकच गाण्याचा तुकडा बावीस वेळा, मी मोजले, कारण वाचता तर येत नव्हतंच. आणि दर दहा मिनिटांनी वेटर, "सर एनिथिंग एल्स?" म्हणजे उठा. त्यापेक्षा इराणी बरा, एका चहावर आणि बन-मस्क्यावर किती बसलात ते बघायचा नाही. आता तिथेही बाहेर रांग, लोक तुमच्या खुर्चीमागे उभे राहून तुमचा शेवटचा घास मोजतात.

आणि मी हळू आवाजात म्हटलं, जरा हळू बोलता का, तर साहेब म्हणतात, "काका, शांतता हवी असेल तर लायब्ररीत जा ना!"

जा ना. जाऊन आलोय रे बाबा तिथूनच.

जाऊ दे, उपरोध बास झाला. फोन कानाला लावायचा असतो, किंवा इयरफोन मिळतात, शंभर रुपयांतही मिळतात, घ्या. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचे मेसेज पाठवता, 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवलं, पुणे नगर वाचन मंदिर 1848 सालचं आहे म्हणून बाहेरच्यांना ऐकवता, आणि तुमच्यातल्या किती जणांनी या वर्षी कुठल्या तरी वाचनालयाची वर्गणी भरलीय? त्या 260च्या कॉफ्या चार कमी प्या आणि भरा. सभासदच नाहीत तर त्या बाईंनी तरी एमपीएससीशिवाय दुसरं काय विचारायचं?

आणि ज्या कोणी तो दुसरा भाग दिवाळीपासून घरी टीव्हीखाली दाबून ठेवलाय, त्याने तो उद्या नेऊन द्या. वहीत पुढचं नाव माझं आहे.